बायकांना खेळातलं काय कळतं?



आज आपण खेळाविषयी बोलू. पण खेळणाऱ्यांविषयी नव्हे. खेळ बघणाऱ्यांविषयी.

क्रिकेटचा सामना असला म्हणजे गावात काय होते, ते तुम्ही जाणताच. ज्याच्या घरी मोठा टीव्ही, त्याच्या सोप्यात माणसे दाटीवाटीने बसतात. पारावर चौघे एका मोबाइलभोवती डोकी घालून बसतात. गडी बाद झाला की एकच ओरड होते. तेवढ्यात घरातली वहिनी चहा घेऊन बाहेर येते. पडद्याकडे बघून ती सहज म्हणते, "नो-बॉल होता ना तो?" लगेच कोणीतरी बोलतो, "वहिनी, तुम्ही चहा द्या. बायकांना खेळातलं काय कळतं?" सगळे हसतात. वहिनीही हसते आणि आत जाते.

चेंडू खरोखर नो-बॉल होता की नव्हता, ते कोणी बघतच नाही.

हे बोलणे आपल्याच गावचे आहे असे समजू नका. शिकलेल्या, सुधारलेल्या देशांतही हे चालते. इंग्लंडमधली एक खरी हकीकत सांगतो. पण ती कळायला फुटबॉलचा एक नियम आधी सांगावा लागेल.

फुटबॉलमध्ये मैदानाच्या दोन्ही टोकांना जाळी लावलेली चौकट असते. तिला गोल म्हणतात. समोरच्या संघाच्या गोलात चेंडू घातला की जिंकण्याकडे एक पाऊल पडते. मग एखादा हुशार गडी काय करील? तो आधीच गोलाजवळ जाऊन उभा राहील. मागून चेंडू आला की आत ढकलील. असे होऊ नये म्हणून नियम केला आहे. आपल्या गड्याने चेंडू मारला त्या क्षणी, पुढे उभा असलेला गडी आणि गोलाची रेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे निदान दोन गडी पाहिजेत. त्यांतला एक बहुधा गोलरक्षक असतो. पुढचा गडी दुसऱ्याच्या अगदी बरोबरीला असला तरी चालते. पण त्याच्याही पुढे गेला आणि चेंडू त्याच्याकडे आला, तर तो ऑफसाइड झाला. मग गोल धरत नाहीत. बारकावे आणखी आहेत, पण मुख्य गोष्ट एवढीच.

नियम कळायला दोन मिनिटे लागतात. कठीण आहे ते बघणे. चेंडू इकडे मारला जातो आणि गडी तिकडे पळत असतो. एकाच क्षणी दोन्हीकडे नजर पाहिजे. यासाठी मैदानाच्या कडेला निशाण घेऊन एक पंच उभा असतो.

इंग्लंडात एक जुनी थट्टा आहे. बाईने फुटबॉलची आवड आहे म्हटले, की तिला विचारायचे, "ऑफसाइड म्हणजे काय, सांग पाहू." पुरुषाला हे कोणी विचारत नाही. त्याला ते जन्मतःच येते असे धरून चालतात!

तर २०११ सालच्या जानेवारीत वुल्व्हज आणि लिव्हरपूल या संघांचा सामना होता. कडेला निशाण घेऊन एक बाई उभी होती. तिचे नाव सायन मॅसी. वय पंचवीस. त्या सामन्याचे टीव्हीवर वर्णन करणारी दोन मोठी माणसे होती, रिचर्ड कीज आणि अँडी ग्रे. ग्रे स्वतः नामांकित खेळाडू. आपले बोलणे लोकांना ऐकू जात नाही असे समजून दोघे आपसांत बोलत होते. बायकांना ऑफसाइडचा नियम कळत नाही, कोणीतरी खाली जाऊन तिला तो समजावून सांगा, असा त्या बोलण्याचा सूर होता.

पुढे सामन्यात नेमका तोच प्रसंग आला. लिव्हरपूलचा एक गडी चेंडू घेऊन पुढे सुटला आणि गोल झाला. तो ऑफसाइड होता की नव्हता? फरक वीतभराचा. मॅसीबाईंनी निशाण वर केले नाही. म्हणजे गोल खरा. मग चित्र थांबवून, पुन्हा पुन्हा फिरवून बघण्यात आले. बाईंचाच निर्णय बरोबर निघाला.

दोघांचे ते बोलणे बाहेर फुटले. चार-पाच दिवसांत एकाला कामावरून काढले, दुसऱ्याने राजीनामा दिला. पण आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कोणी सांगत नाही. मॅसीबाईंना लगेचच्या दुसऱ्या एका सामन्यातून बाजूला ठेवण्यात आले. कारण काय, तर लोकांचे लक्ष खेळाऐवजी त्यांच्याकडे जाईल. चूक दुसऱ्याची, निर्णय बाईचा बरोबर, आणि घरी बसायचे बाईनेच! पुढे त्या पुन्हा कामावर आल्या आणि मोठमोठ्या सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या, हे खरे. पण त्या आठवड्यात त्यांना काय वाटले असेल?

आता कोणी म्हणेल, "अहो, एखादी बाई हुशार निघते. पण बाकीच्या बायकांना खरंच कळत नाही, त्याचं काय?"

बरोबर. पुष्कळ बायकांना कळत नाही. पुष्कळ पुरुषांनाही कळत नाही. माझ्यावर विश्वास नसेल तर एक प्रश्न विचारून बघा. क्रिकेटमध्ये चेंडूचा टप्पा फलंदाजाच्या पायामागच्या बाजूला, म्हणजे लेग यष्टीच्या बाहेर पडला आणि चेंडू पायावर आदळला, तर पायचीत देता येते का? नाही येत. कितीही सरळ यष्टीवर जात असला तरी नाही. हे ठाऊक नसलेले पारावर किती निघतील, तुम्हीच मोजा. तरी त्यांना कोणी "तू चहा दे" म्हणत नाही.

खेळ कळतो कसा? बसून, बघून, विचारून. दुसरा मार्ग नाही. बाप पोराला खांद्यावर घेऊन कुस्तीच्या फडात जातो. पोरगा विचारतो, "आबा, हा कोणता डाव?" आबा सांगतात. दहा वर्षे असे झाले की पोरगा जाणकार होतो. पोरगी कुठे असते? ती घरी. तिला फड ठाऊक असतो तो हलगीच्या आवाजापुरता. टीव्हीवरचा सामना रंगात येतो तीच भाकऱ्या थापायची वेळ. ती अर्धा सामना कानाने ऐकते. त्यातूनही नो-बॉल ओळखते, हेच मला विशेष वाटते.

आणि ही नुसती भाकरीची अडचण नाही. पुष्कळ ठिकाणी बायकांना दारातच अडवले आहे. लंडनला लॉर्ड्स नावाचे मैदान आहे. क्रिकेटचे ते पंढरपूरच म्हणा. तिथे एक जुनी इमारत आहे. क्लबचे सभासद तिच्यात बसून खेळ बघतात. शंभरावर वर्षे बाईला त्या क्लबचे सभासद होता येत नव्हते. खेळ चालू असताना इंग्लंडची राणी आणि तिथे कामाला असलेल्या बायका सोडल्या, तर कोणी बाई त्या इमारतीत शिरू शकत नव्हती. म्हणजे बघा, चहा देणारीला वाट होती! बरे, क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणाचा झाला? बायकांचा. तो १९७३ साली झाला. पुरुषांचा १९७५ साली, दोन वर्षांनी. तो पहिला चषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या कप्तान होत्या रेचल हेहो फ्लिंट. त्यांनाही सभासद होता येत नव्हते. १९९८ साली मतदान होऊन नियम बदलला. दुसऱ्या वर्षी ज्या पहिल्या दहा बायकांना सभासद करून घेतले, त्यांत या बाई होत्या. चषक जिंकल्यावर सव्वीस वर्षांनी.

इराण देशात तर याहून कठीण. तिथे १९७९ साली राज्यक्रांती झाली. त्यानंतर पुरुषांचे फुटबॉलचे सामने मैदानात जाऊन बघायला बायकांना मनाई झाली. काही मुली पुरुषांचे कपडे घालून, खोटी दाढी लावून आत जात. २०१९ साली अशीच एक तरुणी पकडली गेली. तिच्यावर खटला झाला. तुरुंगात जावे लागेल असे तिच्या कानावर आले. न्यायालयाबाहेर तिने स्वतःचा घात करून घेतला आणि काही दिवसांनी इस्पितळात ती वारली. तिच्या आवडत्या संघाचा रंग निळा होता, म्हणून लोक तिला 'निळी मुलगी' म्हणू लागले. साऱ्या जगात हळहळ झाली. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने इराणवर दडपण आणले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला इराण आणि कंबोडिया यांच्या सामन्याला बायकांना तिकिटे मिळाली. सुमारे साडेतीन हजार बायका आल्या. त्यांच्यासाठी वेगळा भाग राखला होता. इराणने चौदा गोल केले. त्या मैदानाचे नाव आझादी. हा शब्द तुम्हांला सांगायला नको.

खेळ बघायला मिळावा म्हणून बाई जिवावर उदार होते. अन् आपण म्हणतो, बायकांना खेळाची गोडी नसते.

आपल्याकडे दारात पहारा नाही. नुसते हसणे आहे. पण हसण्यानेही माणूस आत जातो, आणि पुढच्या वेळी बाहेर येत नाही.

एक खेळ मात्र असा आहे, की तिथे ही थट्टा चालत नाही. तो खो-खो. शाळेत गेलेल्या कितीतरी मुली तो खेळल्या आहेत. म्हणून त्यांना तो कळतो. खांबाजवळ हुलकावणी कशी द्यायची, खो लवकर दिला की फाउल कसा होतो, हे साठीची आजीसुद्धा सांगेल. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. त्यांची कप्तान होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्याच साली २ नोव्हेंबरला नवी मुंबईत बायकांच्या क्रिकेटच्या विश्वचषकाचा शेवटचा सामना झाला. भारताने २९८ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला २४६ धावांत गुंडाळले. त्या संघात सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. त्या रात्री चहा कोणी केला, कोण जाणे!

आता एक कामाची गोष्ट. नुसते "बायकांना बसू द्या" म्हणून मी थांबणार नाही. बसून काय करायचे, तेही सांगतो.

वृंदा राठी हे नाव ऐकले आहे का? या नवी मुंबईच्या. त्या आधी क्रिकेट खेळत. मग सामन्यांचे गुण लिहू लागल्या. २०१३ च्या बायकांच्या विश्वचषकातही त्यांनी गुणलेखन केले. लिहिता लिहिता पंचाचे काम शिकल्या. २०२३ च्या जानेवारीत रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रथमच तीन बायका पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्यांतल्या एक या वृंदाबाई. त्यांचा सामना गोव्यात पर्वरीला होता.

गुणलेखन म्हणजे खेळाचा जमाखर्च. तुम्ही आता वाचायला, लिहायला शिकला आहात. बचत गटाची वही ज्या बायकांनी भरली, त्यांना हे अवघड नाही. फलंदाजाने धाव काढली की ती दोन ठिकाणी लिहायची. एकदा फलंदाजाच्या नावापुढे, एकदा गोलंदाजाच्या षटकात. शेवटी सगळ्या फलंदाजांच्या धावा आणि वरच्या जादा धावा मिळून संघाची बेरीज आली पाहिजे. मेळ बसला नाही, तर कुठेतरी चूक आहे. मग ती शोधायची. सामना बघताना गप्पा मारणाऱ्याच्या नजरेतून चेंडू निसटतो. लिहिणाऱ्याच्या नजरेतून निसटून चालत नाही. म्हणून वाद झाला की वही उघडतात आणि वहीवाल्याला विचारतात.

येत्या रविवारी आपल्या गावच्या पोरांचा सामना आहे. आमच्या वर्गातल्या दोघी जणी गुण लिहायला बसणार आहेत. चेंडूफळीची पोरे आधी कुरकुरली. पण त्यांच्यातल्या कोणालाच उन्हात बसून वही भरायची हौस नाही, तेव्हा कबूल झाली.

खुणा नीट ध्यानात ठेवा. धाव निघाली नाही तर टिंब. धाव निघाली तर आकडा. गडी बाद झाला तर इंग्रजी डब्ल्यू. वाइड चेंडूला बेरजेची खूण. नो-बॉलला वाटोळे. वाइडची एक धाव मिळते आणि तो चेंडू पुन्हा टाकावा लागतो. सहाही टिंबेच आली तर षटक निर्धाव, मग ती टिंबे रेघेने जोडून इंग्रजी एम काढतात.

आता फळ्याकडे बघा. हे एक षटक आहे. टिंब. १. बेरजेची खूण. ४. टिंब. डब्ल्यू. २.

खुणा सात का झाल्या? आणि धावा एकंदर किती? पाटीवर लिहा आणि शेजारणीला दाखवा.