रक्त कोणाचे, औषध कोणाला?

(धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त मंडळाने घेतलेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



मेंदूच्या विकारांवर व त्यासंबंधीच्या संशोधनावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना आहे. कंपवात, फेफरे, अर्धांगवायू असे अनेक विकार या विषयात येतात. त्या सर्वांची नुसती नावे सांगून काही हाती लागणार नाही. म्हणून आज मी एकाच आजाराची हकीकत सांगणार आहे. त्याचे नाव हंटिंग्टनचा आजार. हकीकत दूर देशातली आहे; पण तिच्यातली माणसे तुम्हाला ओळखीची वाटतील.

आपल्या वस्तीत एखादा माणूस झोकांड्या खात चालला, त्याचे हात-पाय वेडेवाकडे हलू लागले, बोलणे अडखळू लागले, तर लोक काय म्हणतात? "सकाळीच ढोसून आला." बाई असेल तर म्हणतात, "बाहेरचे काही लागले आहे." मग भगत येतो, उतारा होतो, कोंबडे जाते. आजार मात्र जात नाही.

दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला नावाचा देश आहे. तेथे माराकायबो या मोठ्या सरोवराच्या काठी सॅन लुईस नावाची गरीब वस्ती होती. 1950 च्या दशकात आमेरिको नेग्रेत्ते नावाचे एक तरुण डॉक्टर तेथे काम करू लागले. रस्त्यात झोकांड्या खाणारी माणसे पाहून त्यांनाही प्रथम वाटले की हे लोक दारू प्यालेले आहेत. लोकांनी त्यांना सांगितले, "डॉक्टर, ही दारू नव्हे. हा घराण्यातला रोग आहे." नेग्रेत्ते यांचा मोठेपणा असा की त्यांनी स्वतःची समजूत बाजूला ठेवली, घरोघर जाऊन तपासणी केली आणि 1955 मध्ये हा हंटिंग्टनचा आजार असल्याचे वैद्यकीय परिषदेपुढे मांडले. मित्रहो, संशोधनाची पहिली पायरी हीच आहे. यंत्रे नंतर येतात. आधी समोरच्या माणसाचे ऐकून घ्यावे लागते.

हा आजार आहे तरी काय? जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरांनी 1872 मध्ये त्याचे नेमके वर्णन केले. तेव्हा त्यांचे वय अवघे 22 वर्षांचे होते. त्यांचे वडील आणि आजोबाही डॉक्टर होते व तिघांनी एकाच भागातील कुटुंबे पाहिली होती. म्हणूनच त्यांना सांगता आले की हा आजार आईकडून किंवा बापाकडून मुलांकडे येतो. आणि ज्या मुलाला तो होत नाही, त्याच्या पुढच्या पिढ्या त्यातून सुटतात.

साधारणपणे 30 ते 50 या वयात लक्षणे दिसू लागतात. मेंदूच्या खोल भागातील पेशी हळूहळू मरतात. हात-पाय आपोआप हलतात, स्वभाव बदलतो, स्मरण व विचारशक्ती मंदावते, पुढे घास गिळणेही कठीण होते. पंधरा ते वीस वर्षांत मृत्यू येतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, मग मुलगा असो वा मुलगी. आणि लक्षणे दिसतात तेव्हा त्या माणसाला बहुधा मुले झालेली असतात. या आजाराचे हेच मोठे दुःख आहे.

आता या हकीकतीत दुसरी व्यक्ती येते. अमेरिकेत नॅन्सी वेक्सलर नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. 1968 मध्ये त्यांच्या आईला हा आजार असल्याचे कळले. म्हणजे नॅन्सी यांना तो होण्याची शक्यता निम्मी होती. त्याच वर्षी वडिलांनी आनुवंशिक आजारांच्या संशोधनासाठी एक संस्था उभी केली. पुढे नेग्रेत्ते यांच्या एका शिष्याने 1972 च्या परिषदेत माराकायबोच्या कुटुंबांची फिल्म दाखवली होती, तिच्या मागावर नॅन्सी 1979 मध्ये त्या सरोवराकाठी पोहोचल्या. 1981 पासून संशोधकांचे पथक दरवर्षी तेथे जाऊ लागले.

काही वस्त्या पाण्यात खांब रोवून बांधलेल्या होत्या. लोक मासेमारीवर जगत. एकाच घरात आजारी आजी, आजारी बाप आणि भेदरलेली मुले. पथकाने वंशावळ लिहून काढली, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेल्या एका स्त्रीपर्यंत मागे गेली. पुढे या वंशावळीत 18,000 हून अधिक माणसांची नोंद झाली आणि 4,000 हून अधिक लोकांनी रक्त दिले.

ते त्यांनी सहज दिले असे समजू नका. परकी माणसे सुई घेऊन आली तर कोण विश्वास ठेवील? कातडीचा छोटा तुकडा काढून घ्यायलाही लोक भीत होते. तेव्हा पथकातील एका परिचारिकेने नॅन्सी यांचा हात वर करून दंडावरचा व्रण सर्वांना दाखवला. हिच्याही घरात हाच आजार आहे, हिनेही कातडीचा तुकडा दिला आहे, हे लोकांना कळले आणि मग ते पुढे आले. विश्वास नुसत्या भाषणाने मिळत नाही. जो आपल्यातला आहे, ज्याने आपल्याइतकेच सोसले आहे, त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतो.

त्या रक्ताचे फळ लवकर दिसले. 1983 मध्ये जेम्स गुसेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की या आजाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. नेमके जनुक हाती यायला आणखी दहा वर्षे लागली. 1993 मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांतील 58 संशोधकांनी मिळून ते शोधून काढले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. निरोगी माणसात तो मर्यादित वेळा येतो. 40 किंवा त्याहून अधिक वेळा आला तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला हा आजार होतोच.

बंधू-भगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. पिढ्यान्‌पिढ्या लोक याला शाप म्हणत होते. आपल्याकडे गेल्या जन्मीचे पाप म्हणतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गेल्या जन्मीच्या कर्माने या जन्मीचे भोग ठरतात ही कल्पना नाकारली. का नाकारली? कारण ती दुःखितालाच दोषी ठरवते आणि बाकीच्यांना हात झटकून मोकळे करते. तथागतांनी शिकवले की जे घडते ते कारणाने घडते. हंटिंग्टनच्या आजाराचे कारण सापडले, ते एका जनुकातल्या वाढीव अक्षरांत. पाप तेथे कोठेही सापडले नाही.

परंतु कारण सापडले म्हणजे उपाय सापडला, असे होत नाही. 2008 मध्ये अमेरिकेत टेट्राबेनाझिन या औषधाला मान्यता मिळाली. त्याने अंगाच्या हालचाली कमी होतात, आजार थांबत नाही. पुढे टोमिनर्सेन नावाचे औषध आले. सदोष प्रथिन कमी करण्यासाठी ते पाठीच्या कण्यातील द्रवात टोचत. जगभरच्या रुग्णांची त्यावर आशा होती. मोठी चाचणी झाली. काहींना औषध दिले, काहींना दिसायला तसाच पण औषध नसलेला डोस दिला. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला ठाऊक नव्हते व तपासणाऱ्यालाही नव्हते. मार्च 2021 मध्ये ते औषध देणे थांबवावे लागले. ज्यांना ते वरचेवर दिले होते, त्यांची स्थिती औषध न मिळालेल्यांपेक्षाही वाईट दिसली. सप्टेंबर 2025 मध्ये एका जनुकोपचाराने आजाराची गती मंदावल्याचे प्राथमिक निष्कर्ष जाहीर झाले. बातमी आशेची आहे. पण रुग्ण फार थोडे होते, म्हणून पारख अजून बाकी आहे.

कालामांना तथागतांनी काय सांगितले होते? ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. स्वतः पारखून घ्या. औषधाची चाचणी ही तीच पारख आहे. मोठा डॉक्टर म्हणतो, कंपनी म्हणते, रुग्णाचे मन म्हणते की औषध लागू पडले. पण पारखल्यावर खोटे ठरले तर ते सोडून द्यायचे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रक्त कोणाचे आणि औषध कोणाला? आज जगात कोठेही हंटिंग्टनची जनुक-तपासणी होते, ती या कोळी कुटुंबांच्या रक्ताच्या आधाराने. 1999 मध्ये संशोधकांच्या संस्थेने माराकायबोत एक शुश्रूषागृह काढले, हे खरे. पण महागडी औषधे आणि नियमित उपचार त्या वस्त्यांपर्यंत कितीसे पोहोचले? ज्यांनी ज्ञान दिले ते दारिद्र्यातच राहिले, हे सांगितल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही. दान देणारा परतफेड मागत नाही, हे त्याचे शील आहे. म्हणून घेणाऱ्याने परतफेड करू नये, असे कोणत्या धम्मात सांगितले आहे?

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. आपल्या देशातही औषधांच्या चाचण्या होतात आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत आपलीच माणसे उभी असतात. म्हणून 2019 चे औषध-चाचण्यांचे नियम थोडक्यात सांगतो. आपल्याला समजेल अशा भाषेत माहिती मिळाल्याशिवाय सही करू नये. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार व भरपाई यांची तरतूद आहे. चाचणीला नैतिक समितीची मान्यता लागते. आणि हे लक्षात ठेवा, त्या समितीत डॉक्टर नसलेल्या एका सामान्य नागरिकाचीही जागा असते. ती जागा आपल्यातल्या शिकलेल्या माणसाने का भरू नये?

याचा अर्थ संशोधनापासून पळा असा नाही. रक्त द्यायला कोणीच पुढे आले नसते तर ते जनुक सापडले असते काय? सहभागी व्हा, पण समजून व्हा. आणि घरात असा आजार असेल तर लपवू नका. लपवून लग्ने लावली की दुःख पुढच्या पिढीत जाते. तपासणी करायची की नाही, हे ज्याचे त्याने सल्ला घेऊन ठरवावे. धोक्यात असलेले बहुतेक लोक ती करून घेत नाहीत, आणि तो त्यांचा हक्क आहे. नॅन्सी वेक्सलर यांनीही आपल्याला हा आजार असल्याचे 2020 मध्ये जाहीर केले. आयुष्यभर ज्याचा शोध घेतला तो आजार त्यांच्याच वाट्याला आला; पण त्यांनी तो लपवला नाही.

एका आजारी भिक्खूकडे कोणी पाहीना, तेव्हा तथागतांनी स्वतः त्याला न्हाऊ घातले आणि संघाला सांगितले की माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आपल्या धम्मात प्रज्ञा, शील आणि करुणा एकत्र सांगितली आहेत. कारण शोधणारी ती प्रज्ञा, फसवणूक न करणारे ते शील, आणि शोधाचे फळ रक्त देणाऱ्याच्या झोपडीपर्यंत नेते ती करुणा.

विद्यार्थी मित्रहो, आजवर आपल्या समाजाने रुग्ण म्हणून रक्त दिले. यापुढे तुमच्यातून ते रक्त तपासणारे, चाचणी आखणारे आणि समितीत बसून प्रश्न विचारणारे निघाले पाहिजेत. आणि उद्या रस्त्यात कोणी झोकांड्या खाताना दिसला तर त्याला हसण्यापूर्वी, "दादा, तुम्हाला काय होतंय?" एवढे तरी विचारा. सरोवराकाठच्या त्या डॉक्टरांची सुरुवात तेथूनच झाली.

नमो बुद्धाय! जयभीम!