घोरणे, शस्त्रक्रिया आणि घरच्यांचे कर्तव्य



घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. लग्नघरी कोणी घोरू लागले की पोरे हसतात आणि वडीलधारी माणसे गाढ झोपेचे कौतुक करतात. आमच्या कुटुंबाने मात्र निराळेच पाहिले. घोरता घोरता आमचा श्वास मध्येच थांबे व आम्ही गुदमरून दचकत असू. रात्रभराच्या तपासणीत निदान झाले, निद्राकालीन श्वासरोध. या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, रक्तातील प्राणवायू घटतो आणि हृदयावर ताण पडतो.

१९८१ साली ऑस्ट्रेलियात डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देण्याचा उपाय प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. फुजिता यांनी पडजीभ व मऊ टाळूचा काही भाग काढून घशाची वाट रुंद करण्याची शस्त्रक्रिया मांडली. हवेचे यंत्र आम्हास सोसेना, म्हणून आम्ही शस्त्रक्रिया पत्करली.

पहिले दोन आठवडे कसोटीचे गेले. प्रत्येक घोट गिळताना कळ कानापर्यंत जाई. पाणी क्वचित नाकावाटे परत येई. गार पेज, गुरगुट्या भात व थंड दूध यांवर आम्ही निर्वाह केला. पापड, चिवडा, तिखट, आंबट व कढत पदार्थ वर्ज्य होते. दुखते म्हणून पाणी टाळू नये. घसा सुकला की वेदना वाढते. उशाची बाजू उंच असावी. मद्य व मनाने घेतलेल्या झोपेच्या गोळ्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्यांनी श्वास अधिकच अडतो. आठवड्याच्या सुमारास खपल्या सुटताना रक्तस्राव संभवतो. ताजे रक्त दिसताच घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

पुढे घोरणे थांबले आणि घरात आनंद झाला. परंतु, बंधुभगिनींनो, शांतता म्हणजे रोगमुक्ती नव्हे! आवाज बंद होऊनही श्वासरोध चालू राहू शकतो. काही महिन्यांनी केलेल्या फेरतपासणीत आमचा विकार पुष्कळ उणावलेला दिसला, पण समूळ गेला नव्हता. म्हणून आम्ही वजन उतरवीत आहो, कुशीवर निजतो आणि यंत्राची सवय पुन्हा करीत आहो. शस्त्रक्रिया व्यर्थ गेली असे आम्ही मानीत नाही. फेरतपासणी टाळली असती, तर मात्र खोट्या समाधानात राहिलो असतो.

निजलेल्यास आपला श्वास थांबलेला कळत नाही. त्याची साक्ष घरची माणसेच देऊ शकतात. ती साक्ष त्यांनी संकोच सोडून वैद्यांपुढे द्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.