इंजिन अडलं, तर आधी टाकी पाहा



१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद राहील. होड्या किनाऱ्यावर चढतील, ओबीएम, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची इंजिनं पडवीत जातील. ऑगस्टमध्ये खाडीच्या मुखाशी, लाटा फुटतात तिथे इंजिन गप्प झालं तर काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून आज एकच आग्रह धरतो. पेट्रोल पोचत नसेल तर शोध टाकीपासून सुरू करा. आपल्याकडे इंजिन अडलं की पान्हा थेट कार्बोरेटरला लागतो, आणि खोड बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या नळीत असते.

इंजिन छान सुरू होतं, पाच-दहा मिनिटांत दम तोडतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं. अशा वेळी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. तो बंद राहिला तर टाकीतून पेट्रोल जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही. झाकण सैल करताच फुस्स आवाज आला की कारण सापडलं.

मग नळीवरचा रबरी बल्ब. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. बाणाची बाजू वर धरून दाबा. काही दाबांत तो कडक झाला पाहिजे. इंजिन चालू असताना तो चपटा होत असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे: तळाची जाळी तुंबली किंवा नळीचं आतलं अस्तर सुटलं. बल्ब कडकच होत नसेल, तर बहुधा त्याच्या झडपा गेल्या, नाहीतर कुठून तरी हवा शिरते आहे. कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडत असेल, तर फ्लोटची सुई बसत नाही.

नळीत शिरणारी हवा फार फसवते. चालू इंजिनाचा पंप पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे त्या नळीला बारीक भेग असली तरी थेंबही गळत नाही. उलट हवा आत खेचली जाते. नळी कोरडी दिसते आणि आपण तिला निर्दोष ठरवतो. जोडणीतली झिजलेली रबरी रिंग हेच करते. चांगली नळी आणि दुसरी टाकी जोडून पाहा. संशय पाच मिनिटांत फिटतो. बल्ब दाबत राहिल्यावरच इंजिन चालत असेल आणि नळी ठीक असेल, तर पंपाचा पडदा फाटला असण्याची शक्यता मोठी.

असं अर्धपोटी इंजिन रेटत घरी आणणं मला अजिबात पटत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. काही रुपयांच्या रिंगपायी अख्खं इंजिन जातं. नाइलाज असेल तर वेग कमी ठेवा.

आता पाण्याचं. आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी मर्यादेपलीकडे गेलं की ते आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात. टाकीतली नळी तळाचंच ओढते, आणि तेल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये! कार्बोरेटरच्या वाटीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा, दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. जेट चोंदला असेल तर क्लीनर आणि हवेने साफ करा. तार घातली तर छिद्र मोठं होतं आणि मापच बिघडतं.

म्हणून मेच्या शेवटी लागेल तेवढंच पेट्रोल भरा. तेल मिसळलेलं ऑगस्टसाठी ठेवू नका. शेवटच्या दिवशी गोड्या पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून आतलं खारं पाणी धुवा आणि ते चालू असतानाच पेट्रोलची नळी काढा. इंजिन आपोआप थांबेल. तरी वाटीत थोडं उरतंच. तळाचा स्क्रू सैल करून तेही काढा. केरोसीनवर चालवणाऱ्यांनी बंद करण्याआधी पेट्रोलवर घ्यावं, नाहीतर थंड इंजिन सुरू होताना छळतं. आणि हे सगळं उघड्यावर करा, जवळ चूल किंवा विडी नको.