जागृत ज्वालामुखीचे दर्शन



अंदमानच्या प्रवासात मी सहलीच्या बोटीने बॅरन बेट पाहून आले. भारतातला हा एकमेव जागृत ज्वालामुखी. श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, तेथून हे बेट सुमारे १४० किलोमीटर. उतरण्यास मनाई, बोटीवरूनच पाहावयाचे. दीडशेहून अधिक वर्षे निजलेला हा डोंगर १९९१ साली पुन्हा जागा झाला.

तो काळा दगड पाहून मला आपला बालाघाट आठवला. आपल्या विहिरीचा कातळही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. अखंड कातळात पाणी मुरत नाही; ते भेगांत आणि वरच्या मुरमात साठते. म्हणून पावसाळ्याआधी बंधाऱ्यातला गाळ काढण्याचे काम मंडळाने अंगावर घ्यावे. उन्हाळ्यात हंडा आपल्याच डोक्यावर येतो.