तीन तास जागा राहणारा कॅमेरा

2020 च्या उन्हाळ्यात कपाटातले डीएसएलआर टेबलावर आले. लग्नं पुढे ढकललेली, सहली बंद, आणि दुकानांतून वेबकॅम गायब. एप्रिलअखेर कॅननने यूएसबी केबलवरून कॅमेराच वेबकॅम करणारं सॉफ्टवेअर फुकट दिलं. फुजीफिल्म, निकॉन, सोनी त्याच वर्षी मागोमाग आले. टाळेबंदी उठली, पण गाण्याचे, तबल्याचे, गणिताचे ऑनलाइन वर्ग उरले. पुण्यात बसून न्यू जर्सीतल्या मुलांकडून यमन घोटून घेणाऱ्या बाईंना तीन-तीन तास कॅमेऱ्यासमोर बसावं लागतं. मला बोलायचंय ते त्या तीन तासांबद्दल. चित्र छान दिसतं, हे पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही पटतं.

छान का दिसतं? साध्या वेबकॅमचा सेन्सर तीन-चार मिलिमीटर रुंद, कॅननच्या 1500डीचा 22.3 मिलिमीटर. उजेड गोळा करायला जागाच तिसेक पटींनी जास्त. झालं, एवढंच.

पण हा कॅमेरा घडवलाय फोटोसाठी. फोटो काढताना सेन्सर क्षणभर उजेड खातो आणि गप्प बसतो. वेबकॅम केलात की आरसा वरच राहतो, शटर उघडं राहतं आणि सेन्सर सेकंदाला पंचवीस-तीस वेळा वाचला जातो. शटर झिजेल का, असं लोक हमखास विचारतात. नाही झिजत, ते उघडून नुसतं थांबलेलं असतं. खरी अडचण विजेची आणि उष्णतेची.

1500डीची बॅटरी 860 मिलिअँपिअर-अवरची. सतत लाइव्ह व्ह्यूला, म्हणजे स्क्रीनवर अखंड चित्र दाखवायला, ती दोन तासही धड पुरत नाही. जुन्या कॅमेऱ्यांत यूएसबीवरून चार्जिंग होत नाही, म्हणून डमी बॅटरी घ्यायची. बॅटरीच्याच आकाराचा ठोकळा, त्यातून निघून अडॅप्टरला जाणारी वायर. बॅटरीच्या कप्प्याच्या कडेला एक छोटी रबरी खिडकी असते, तिच्यातून वायर बाहेर काढायची म्हणजे झाकण नीट लागतं. झाकण उघडं राहिलं तर कॅमेरा चालूच होत नाही. स्वस्तातली घेताना व्होल्टेज आपल्या बॅटरीशी जुळतंय का, ते वाचून घ्या. आणि वीज गेली की लॅपटॉप चालू राहतो, कॅमेरा मात्र तत्क्षणी बंद. राउटरसाठी यूपीएस घेतलाच असेल, तर अडॅप्टरही त्यालाच लावा.

आता अर्ध्या तासाचं कोडं. बऱ्याच कॅमेऱ्यांत रेकॉर्डिंग 29 मिनिटं 59 सेकंदांवर थांबतं. ह्यामागे बिघाड नाही, जकात आहे! सलग तीस मिनिटं चित्रण करणारा कॅमेरा युरोपीय संघाच्या नियमांत व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा आयातशुल्क बसे. कंपन्यांनी एक सेकंद वाचवला. ब्रुसेल्सच्या त्या हिशेबाचा भुर्दंड आपण नाशकात भरतो. ही मर्यादा कार्डावरच्या रेकॉर्डिंगची. बाहेर जाणाऱ्या चित्राला ती नसते. तरी काही मॉडेलं तेवढ्याच वेळाने लाइव्ह व्ह्यू मिटवतात. म्हणून आधी मेनूतला ‘ऑटो पॉवर ऑफ’ बंद करा, मग रिकाम्या खोलीत तासभर कॅमेरा चालवून बघा. डमी बॅटरी वगैरेची खरेदी त्यानंतर.

उष्णतेला उपाय साधेच. फिरणारा स्क्रीन असेल तर अंगापासून दूर उघडा, मागून पंख्याचा वारा येऊ द्या, आणि वर्गाचं रेकॉर्डिंग संगणकावर करा, कार्डावर नको.

फोकस मॅन्युअलवर ठेवा, नाहीतर तंबोरा हलला की लेन्स घरघरत शोधाशोध करते. एफ 1.8 च्या अ‍ॅपर्चरवर पार्श्वभूमी लोण्यासारखी मऊ होते खरी, पण गुरुजी वीतभर पुढे झुकले की त्यांचाही चेहरा त्यात विरघळतो. एफ 4 किंवा 5.6 बरं. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा शटर स्पीड पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदाचा ठेवा, म्हणजे ट्यूबलाइटचे पट्टे सरकणार नाहीत.

एचडीएमआय आणि कॅप्चर कार्डाची वाट धरलीत, तर आधी पाहा की कॅमेरा स्क्रीनवरची अक्षरं, चौकटी गाळून निव्वळ चित्र पाठवतो का. सगळे पाठवत नाहीत. मिनी एचडीएमआयचं भोक नाजूक असतं. केबल लोंबकळू न देता रबरबँडने ट्रायपॉडला बांधा. आवाज वेगळ्या माइकने घेतलात, तर चित्र त्याच्या किंचित मागून येतं. टाळी वाजवून बघा. टाळी आधी ऐकू आली आणि हात नंतर जुळले, तर ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाला तेवढा उशीर द्या. तबल्याच्या वर्गात विद्यार्थ्याची नजर बोटांवर असते, त्यामुळे तिथे हे टाळून चालतच नाही.