गळ्यांतील गांठ : भीति आणि पारख

मानेच्या पुढच्या भागांत, कंठमण्याच्या खालीं, फुलपांखराच्या आकाराची एक ग्रंथि असते; तिला थायरॉइड म्हणतात. तींत गांठ आहे असें कळतांच घरांत एकच शब्द उमटतो : कर्करोग. ही भीति कितपत खरी, तें आज पाहूं.

हाताला लागणाऱ्या गांठी फार नसतात. परंतु सोनोग्राफीचें यंत्र मानेवर फिरविलें कीं धडधाकट माणसांतहि त्या विपुल सांपडतात. तपासलेल्या १०० गांठींपैकीं साधारण ७ ते १५ गांठींत कर्करोग निघतो, आणि त्यांतहि पॅपिलरी नांवाचा संथ वाढणारा प्रकारच अधिक.

मग पारख कशी करावयाची? प्रथम रक्तांतील टीएसएच मोजतात. तें कमी असेल तर गांठ आपणच थायरॉइडचा रस तयार करीत असण्याचा संभव असतो, आणि अशा गांठींत कर्करोग क्वचितच आढळतो. एरव्हीं चित्रावर भिस्त. नुसत्या पाण्यानें भरलेली किंवा स्पंजासारखी गांठ निर्धास्त समजावी. पण ती भरीव असेल, चित्रांत भोंवतालच्या भागापेक्षां काळी दिसत असेल, कडा वेड्यावांकड्या असतील, रुंदीपेक्षां उंची अधिक असेल, आंत चुन्याचे बारीक कण असतील, तर संशय वाढतो. अमेरिकेंतील क्ष-किरणतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१७ सालीं या लक्षणांना गुण ठरवून दिले. त्या कोष्टकाप्रमाणें अति संशयास्पद गांठ १ सेंटिमीटरची झाली कीं सुईनें पेशी काढून तपासाव्या. किंचित् संशयाची असेल तर २.५ सेंटिमीटरपर्यंत थांबण्यास हरकत नाहीं. (ही सुई रक्त काढण्याच्या सुईहून बारीक असते, हें भित्र्यांसाठीं सांगून ठेवतों.) एकट्या आकारमानावरून कांहींच ठरत नाहीं, लोकांना भिववितें मात्र नेमकें तेंच.

सरसकट शोध घेतला तर काय होतें, हें दक्षिण कोरियानें अनुभविलें. तेथें १९९९ पासून कर्करोगाच्या सरकारी तपासण्या सुरू झाल्या, आणि त्यांबरोबर पुष्कळांनीं अल्प खर्चांत मानेचें चित्रहि काढून घेतलें. २०११ सालीं थायरॉइड-कर्करोगाच्या निदानाचें प्रमाण १९९३ च्या १५ पट झालें. मृत्यूचें प्रमाण मात्र होतें तेवढेंच राहिलें. शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांच्या वांट्यास जन्मभराची गोळी आली, कांहींची स्वरतंतूची हालचालच गेली.

जपानांत कोबे येथील कुमा रुग्णालयानें १९९३ पासूनच निराळी वाट धरली होती. १ सेंटिमीटरपर्यंतच्या पॅपिलरी कर्करोगाचे, धोक्याचीं चिन्हें नसलेले रोगी तेथें शस्त्रक्रियेऐवजीं देखरेखीखालीं ठेवले. अशा १,२३५ जणांचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एकहि या रोगानें दगावला नव्हता.

मात्र गांठ झपाट्यानें वाढत असेल, दगडासारखी लागत असेल, आवाज घोगरा झाला असेल, मानेच्या बाजूस आणखी गांठी आल्या असतील, किंवा लहानपणीं मानेवर किरणोपचार झाले असतील, तर वाट पाहूं नये. तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यांत जावें.