तांब्याची पट्टी: घेताना आणि घडवताना

(फर्दापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



या टेबलावर दोन पट्ट्या ठेवल्या आहेत. दोन्ही 25 मिलिमीटर रुंद, 3 मिलिमीटर जाड आणि साधारण वीतभराहून लांब. दोन्ही लालसर, दोन्ही चकचकीत. पहिल्या रांगेतल्या मुलांनी वर यावं आणि दोन्ही हातांत एकेक धरावी. बघा, बोलायची गरजच पडली नाही. या मुलाच्या चेहऱ्यावरच कळलं. एक जड आहे, दुसरी खेळण्यासारखी हलकी.

ही हलकी पट्टी मी स्वतः विकत घेतलेली आहे, तांबं म्हणून, तांब्याच्या भावानं. घराच्या अर्थिंगसाठी तीन मीटर पट्टी हवी होती. दुकानदारानं फुटावर मोजून दिली, मीही फुटावर मोजून घेतली. घरी आल्यावर सहज काट्यावर ठेवली, तर किलोसुद्धा भरेना. या मापाची तीन मीटर तांब्याची पट्टी दोन किलो भरायला हवी. कोपरा कानशीनं घासला, तर आत पांढरं स्वच्छ अॅल्युमिनियम आणि वर तांब्याची नुसती साल. आयुष्यभर वर्कशॉपमध्ये मुलांना धातू शिकवणाऱ्या माणसाची ही कथा. म्हणून आज सुरुवात विकत घेण्यापासून.

हिशेब सोपा आहे. तांब्याची घनता 8.96, म्हणजे जवळजवळ 9. पट्टीची रुंदी मिलिमीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला 9 नं गुणा. एका मीटरचं वजन ग्रॅममध्ये हातात येतं. 25 गुणिले 3 गुणिले 9, म्हणजे 675 ग्रॅम. अॅल्युमिनियमची घनता 2.7 च आहे, त्यामुळे इथे खोटं बोलायला जागाच राहत नाही. लोहचुंबक अनेकजण खिशात ठेवतात. ठेवा, पण त्यानं फक्त आत लोखंड असेल तर कळतं. अॅल्युमिनियमही चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा चुंबक गप्प बसला म्हणजे माल खरा, असं समजू नका.

पट्टी वेडीवाकडी असेल, भंगारातली असेल, मोजताच येत नसेल, तर ही बादली आहे. तुकडा दोऱ्यानं काट्याला टांगा. हवेत 200 ग्रॅम. आता पूर्ण पाण्यात बुडवा, तळाला टेकू देऊ नका. 178 च्या आसपास आला. साधारण नववा भाग कमी झाला, म्हणजे तांबं. हलक्या पट्टीचा जवळजवळ तिसरा भाग गेला असता. आर्किमिडीजनं सोन्याच्या मुकुटासाठी लढवली म्हणतात ती युक्ती सोयगावच्या भंगारवाल्याकडेही तशीच चालते.

वजन जुळलं, माल शुद्ध निघाला, तरी अर्धंच काम झालं. दुकानात एक प्रश्न बहुतेक कुणी विचारत नाही: पट्टी मऊ आहे की कडक? तोच धातू, तीच शुद्धता 99.9 टक्के, पण एक पट्टी बोटांनी वाकते आणि दुसरी वाकवायला व्हाइस लागतो. फरक तांब्यात नाही, त्याच्यावर काय गुजरलं आहे त्यात आहे. रोलमधून थंड असतानाच दाबून काढली की पट्टी ताठ होते. टेबलाच्या कडेवर टाकून ऐका: कडक पट्टी वाजते, मऊ पट्टी धपकन पडते.

ही मऊ पट्टी घ्या. एकदा वाकवा, सरळ करा. पुन्हा वाकवा. तिसऱ्या-चौथ्या वेळी जोर वाढवावा लागतो. पाचव्या वेळी ती नेमकी त्या जागी वाकतच नाही, शेजारून वाकते. असंच चालू ठेवलं तर ती तुटेल. आता गॅसच्या ज्योतीवर धरतो. दिवे जरा मंद करा, उजेडात रंग कळत नाही. काळपट झाली, आणि आता अंधारात ओळखू येईल इतका मंद लाल रंग. बस. सरळ पाण्यात.

आयटीआयची मुलं हसली, कारण त्यांनी पोलादाचं शिकलं आहे: तापवून पाण्यात बुडवलं की कडक. तांब्याला तो नियम लागू नाही. पाण्यात टाका किंवा हवेवर ठेवा, तांबं मऊच होतं. पाण्यानं फक्त वेळ वाचतो आणि वरची काळी खपली सुटते. बघा, बोटानं वाकली. उरलेला काळेपणा चिंचेच्या कोळानं जातो, आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र माहीत होतं.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत याच दोन गोष्टींवर घर चालतं. पत्रा ठोकायचा, ताठरला की भट्टीत तापवायचा, पुन्हा ठोकायचा. घंगाळ आकाराला आलं की शेवटी मात्र तापवायचं नाही. शेवटी मठारकाम. भांड्यावर ओळीनं पडलेले ते गोल ठसे आपण नक्षी म्हणून बघतो आणि शोकेसमध्ये ठेवतो. ते नक्षी आहेतच, पण आधी ते ताठरपण आहे. त्या ठोक्यांनीच पातळ पत्रा पाणी भरल्यावर पोचत नाही. सौंदर्य नंतर आलं, असं माझं मत आहे, आणि कलावाल्यांशी यावर मी भांडायला तयार आहे. आत्ता बाहेरच्या वडावर तो पक्षी टुक टुक करतोय, त्याला आपल्या लोकांनी तांबट म्हटलं ते उगाच नाही.

आता अजिंठ्याच्या पायथ्याशी बोलतो आहे, तर वाकाटक राजांना वगळता येत नाही. सोळावं लेणं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव यानं कोरवलं. लेण्यांतल्या चित्रांचा हिरवा रंग तांब्याचा, असं फर्दापूरच्या टी पॉइंटवर मी पर्यटकांना सांगताना ऐकलं आहे. मुख्य हिरवा तांब्याचा नाही, तो हिरव्या मातीचा आहे, याच बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या खनिजाचा. वाकाटकांचं तांबं बघायचं तर ताम्रपटांत बघा. त्यांच्या थोरल्या शाखेची राणी प्रभावतीगुप्ता, चंद्रगुप्त दुसऱ्याची मुलगी. रामटेकजवळच्या नंदिवर्धनातून तिनं एका आचार्याला गाव दान दिलं आणि ते दोन पत्र्यांवर कोरून कडीत ओवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पत्रे उजेडात आले ते पुण्यातल्या एका तांबटाच्या घरातून. ज्याचा रोजचा धंदा तांबं तापवण्याचा, त्यानं ते भट्टीत घातले नाहीत. वाकाटक आणि गुप्त घराण्यांचा काळ जुळवायला इतिहासकारांना त्याचा मोठा आधार मिळाला. दगडात अक्षर खोदायला छिन्नी-हातोडी लागते. मऊ तांब्यावर बारीक टोच्यानं ओळी उतरतात आणि पत्रा हजारो वर्षं गंजून जात नाही. दानपत्राला हा धातू निवडणारा माणूस माल ओळखत होता.

पुन्हा कामाकडे. तांब्याला भोक पाडताना पट्टी हातात धरू नका. ड्रिल आरपार निघताना तांबं बिटाला चावतं आणि पट्टी पंख्यासारखी फिरते. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. खाली-वर लाकडाची फळी आणि घट्ट क्लॅम्प. कानस भरून येते, तिच्यावर आधी खडू घासा. डाख लावताना लहान सोल्डरिंग आयर्न निरुपयोगी, कारण तांबं उष्णता पळवून नेतं. आधी सगळी पट्टी गरम करा. पितळी डाख लावताना टाकणखार लागतो, आणि तिथे एक धोका आहे. विजेच्या कामाच्या तांब्यात किंचित ऑक्सिजन असतो. गॅस जास्त असलेल्या ज्योतीत ते फार तापवलं तर हायड्रोजन आत शिरतो, आत वाफ तयार होते आणि धातू ठिसूळ होतो. जोड वरून छान दिसतो, हिसक्यानं तुटतो. असं काम असेल तर फ्रिजच्या नळीचं तांबं मागा, त्यात फॉस्फरस घालून ऑक्सिजन काढलेला असतो. वीजवहन मात्र त्याचं कमी.

आणि आपल्या शेतांतल्या मोटारींसाठी एकच: तांब्याची पट्टी अॅल्युमिनियमला थेट बोल्टनं कसू नका. पावसाळ्याच्या ओलाव्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, जोड सैल होतो, तापतो. मध्ये कल्हई केलेली किंवा दोन धातूंची लग घाला. पेरणीच्या आठवड्यात स्टार्टर जळण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

माझी हलकी पट्टी इथे टेबलावर ठेवून जातो, शाळेच्या प्रयोगशाळेत राहू द्या. तुम्ही पट्टी आणायला सिल्लोडला जा की संभाजीनगरला, खिशात कानशीचा तुकडा न्या, आणि बिलावर फूट नाही, किलो लिहून घ्या.